एकवीस, वीस एक आणि दुसरीच्या वर्गांतील मूल

सन २०१९ च्या जून महिन्यांत, शाळा उघडण्याच्या सुमारास, एका पाठ्यपुस्तकानें महाराष्ट्रांतील सुशिक्षित वर्गास जितकें अस्वस्थ केलें तितकें अलीकडील कोणत्याहि कादंबरीनें अथवा काव्यसंग्रहानें केल्याचें प्रस्तुत लेखकास स्मरत नाहीं. पुस्तक होतें 'बालभारती'चें, इयत्ता दुसरीच्या गणिताचें. २१ ही संख्या 'वीस एक' अशी वाचावी, ९३ ही 'नव्वद तीन' अशी वाचावी, असा एक मार्ग त्यांत मुलांस खुला करून दिला होता. जुनीं नांवें काढून टाकलेलीं नव्हतीं. नव्यांच्या शेजारीं तींहि होतीं. परंतु पुढें जो गदारोळ उडाला त्यांत ही बारीकशी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. विधानसभेंत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनांवाची फोड करून विनोद झाले, वृत्तपत्रांतून निषेधाचीं पत्रें आलीं, आणि मराठी भाषेचा अंत जवळ आल्याचें भाकितहि पुष्कळांनीं वर्तवून टाकलें.

हंसणाऱ्यांत मीहि होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडींत आम्ही चौघेपांच प्राध्यापक नित्य भेटत असूं. त्या आठवड्यांत आमच्या संभाषणास दुसरा विषय नव्हता. 'छत्तीसचा आंकडा' यास आतां 'तीस सहाचा आंकडा' म्हणावयाचें काय, असें मीं मोठ्या ऐटीनें विचारलें होतें व त्यावर सर्वांनीं मनमुराद दादहि दिली होती. विनोद वाईट नव्हता. फक्त त्याचा दुसरीच्या वर्गांतील मुलाशीं कांहीं संबंध नव्हता, हें मला पुष्कळ उशिरां उमगलें.

तें उमगण्याचें निमित्त झाली आमच्या शेजारची एक मुलगी. मराठी शाळेंत दुसरींत होती. तिच्या आईला संध्याकाळीं कामावरून येण्यास उशीर होई, म्हणून ती आमच्याकडे अभ्यासास बसे. एके दिवशीं मीं तिला 'पंचवीस' लिही म्हणून सांगितलें; तिनें ५२ लिहिले. 'त्रेसष्ट' म्हणालों, तिनें ३६ लिहिले. मीं रागावून चूक दाखविली, तेव्हां ती अगदी शांतपणें म्हणाली, "काका, तुम्ही पांच आधीं म्हणालांत, म्हणून मीं पांच आधीं लिहिले." गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवितों. तिच्या या अनुमानांत दोष कोठें आहे हें मला त्या क्षणीं सांगतां आलें नाहीं. कारण दोष तिच्या अनुमानांत नव्हताच. आपण लिहितों दशक आधीं आणि बोलतों एकक आधीं. ज्या मुलानें ऐकलेल्या शब्दावर विश्वास ठेवून विचार केला तें चुकतें, आणि ज्यानें विचार न करतां घोकलें तें बरोबर ठरतें, अशी ही विलक्षण परीक्षा आहे.

मग मीं आमच्या संख्यानामांकडे प्रथमच नीट पाहिलें. जें आपल्याला पाठ असतें तें आपण पाहत नाहीं, हें खरें. सात हा आंकडा घ्या. सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर: एका सातानें येथें किती वेष पालटले आहेत! दशकांची तर आणखीच गंमत. पन्नास म्हणून ज्याची ओळख करून दिली तो पुढच्याच पावलास 'वन्न' होतो, साठाचा 'सष्ट' होतो, सत्तराचा 'हत्तर' होतो, आणि नव्वदाचा 'ण्णव' होतांना तीं जोडाक्षरें उच्चारण्यास मोठ्या माणसाचीहि जीभ क्षणभर अडखळते. या प्रत्येक रूपामागें संस्कृतांतून प्राकृतांत व प्राकृतांतून मराठींत आलेल्या ध्वनींचा दीर्घ इतिहास आहे आणि भाषेच्या अभ्यासकास तो मोठा रम्य वाटतो. परंतु सात वर्षांचें मूल भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करण्यास शाळेंत आलेलें नसतें. त्याला शंभर संख्यांपैकीं बहुतेक सर्व नांवें स्वतंत्र विशेषनामांसारखीं, एकेक करून, लक्षांत ठेवावीं लागतात. कानडी, तेलुगु, तमिळ अथवा मल्याळम् बोलणाऱ्या मुलास हें ओझें नाहीं. तेथें दशक आधीं व एकक मागून, असा लिहिण्याचाच क्रम बोलण्यांतहि आहे. गणित विषयसमितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं नेमकीं हींच कारणें त्या वेळीं पुढें मांडलीं होतीं: जोडाक्षरांची अडचण, लिहिण्या-बोलण्याच्या क्रमांतील विरोध, आणि दाक्षिणात्य भाषांचा दाखला. त्या स्वतः टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम केलेल्या गणितज्ञ, शिवाय 'गणितगप्पा'सारखें पुस्तक मुलांसाठीं लिहिणाऱ्या. सन २०२३ मध्यें त्या निवर्तल्या. त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद करावयास हरकत नव्हती. पण प्रतिवाद फार थोड्यांनीं केला. बहुतेकांनीं थट्टा केली.

असा बदल जगांत कोणी केलाच नाहीं अशीहि समजूत नको. नॉर्वे देशांत पूर्वीं आपल्याप्रमाणेंच 'एक आणि वीस' म्हणण्याची चाल होती. तेथील पार्लमेंटनें ठराव करून सन १९५१ पासून 'वीस एक' हा क्रम शाळांतून व सरकारी व्यवहारांत सुरू केला. निमित्त होतें दूरध्वनीचें. क्रमांक सांगतांना-ऐकतांना घोटाळे होत. जुनी चाल त्यामुळें नाहींशी झाली असेंहि नाहीं, पुष्कळांच्या तोंडीं ती पुढें कित्येक वर्षें राहिली, आणि नॉर्वेजियन भाषा व तिचें वाङ्मय सुखरूप आहे. उलट जर्मन लोक अद्याप 'एक आणि वीस' असेंच म्हणतात, आणि गणितांत ते कोणाच्या मागें आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां एका बाजूनें भाषा बुडेल ही भीति अवास्तव, तर दुसऱ्या बाजूनें नांवें बदललीं कीं गणित आलेंच ही आशाहि तितकीच अवास्तव, असें म्हणणें प्राप्त आहे.

विरोधकांच्या एका युक्तिवादाचा मात्र येथें समाचार घेतला पाहिजे, कारण तो मीहि वापरला होता. "आम्ही नाहीं का शिकलों?" हा तो युक्तिवाद. आम्ही शिकलों हें खरें. परंतु हा प्रश्न विचारण्यास जे शिल्लक राहिले आहेत ते सर्व चाळणींतून वर राहिलेले. माझ्या स्वतःच्या वर्गांत पहिलीला जितकीं मुलें होतीं त्यांतलीं निम्मीं तरी सातवीपर्यंत गळलीं असावींत. त्यांतील कोणी वृत्तपत्रास पत्र लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं. जो गळला त्याची साक्ष कधींच नोंदली जात नाहीं, आणि जो तरला तो आपल्या तरण्याचें श्रेय पुरास देतो.

आतां दुसरी बाजू. पाठांतराची आज जी सरसकट निंदा होते तींत मला सामील होववत नाहीं. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होत्या. औटकीहि, म्हणजे साडेतिनाचा पाढा, ते न अडखळतां म्हणत. कल्याणच्या बाजारांत ते भाजीवाल्याच्या आधीं हिशेब सांगत आणि तो भाजीवालाहि त्याच पाढ्यांवर वाढलेला असल्यामुळें दोघांत एक प्रकारची चुरस लागे. त्या पाढ्यांना व्यवहारांत जागा होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेर-पावशेर, अशा चौपटी-सोळापटींच्या जगांत पावकी हें कारागिराच्या हातांतील हत्यारासारखें होतें. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ मापेंहि बदललीं, आणि त्या हत्यारास कामच उरलें नाहीं. जुन्या शिक्षणाची चूक पाठ करविण्यांत नव्हती. ज्याचें काम संपलें तेंहि पाठ करवीत राहणें आणि पाठ झालें म्हणजे समजलें असें मानणें, ही ती चूक. वडिलांना औटकी येत होती. पण साडेतीन सक्कं एकवीस कां, हें मीं एकदां विचारलें तेव्हां त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून औटकी म्हणून दाखविली!

म्हणूनच 'वीस एक' या सुधारणेविषयींचा माझा मुख्य आक्षेप तिच्या विरोधकांच्या आक्षेपाहून अगदीं निराळा आहे. ती फार दूर गेली असें मला वाटत नाहीं. ती फार थोडी गेली. 'वीस एक' हेंहि शेवटीं एक नांवच. ज्या मुलानें दहा काड्यांची जुडी स्वतः बांधली नाहीं, दोन जुड्या व एक सुटी काडी अशी मांडणी डोळ्यांनीं पाहिली नाहीं, त्याला 'वीस एक' हें 'एकवीस' इतकेंच घोकतां येईल, आणि घोकवून घेणारे शिक्षक आपल्याकडे मुबलक आहेत. नांव सुलभ झाल्यानें आकलनाच्या वाटेवरील एक धोंडा बाजूस झाला एवढेंच. वाट चालणें शिल्लकच राहतें.

आणि ती वाट कशी चालावी हें शोधण्यास आम्हां ठाणें जिल्ह्यांतील लोकांस नॉर्वेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, त्यापूर्वीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी व कोसबाड हीं गांवें आमच्याच जिल्ह्यांत मोडत. ताराबाई मोडक यांनीं गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले, पुढें मुंबईत काम केलें, आणि सन १९४५ मध्यें, वयाची त्रेपन्न वर्षें उलटल्यावर, बोर्डीस येऊन ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. सन १९५७ मध्यें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. पद्मभूषण, पद्मश्री हे किताब या दोघींस पुढें मिळाले; परंतु त्यांच्या कार्याचें जें खरें मर्म तें त्या किताबांबरोबर फारसें प्रसृत झालें नाहीं असें खेदानें म्हणावें लागतें.

मर्म काय होतें? बालवाडी काढली, तरी दलित वस्तींतील मुलें तिच्याकडे येईनात. सामान्य शिक्षणाधिकाऱ्यानें यावर 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारून फाईल बंद केली असती. या बायांनीं शाळाच उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मास आला. पुढें कोसबाडास वारली मुलें गुरें राखण्यास जातात असें दिसलें, तेव्हां शाळा कुरणांत भरविली. तिला 'कुरणशाळा' म्हटलें. थोरली बहीण धाकट्या भावंडास सांभाळते म्हणून शाळेस मुकते, हें पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागीं आणून 'विकासवाडी' केली. प्रत्येक ठिकाणीं क्रम एकच: मूल कोठें आहे तें आधीं पाहावयाचें, आणि शिक्षणानें तेथें जावयाचें. संख्यानामांच्या वादांत नेमका हाच क्रम उलटा झालेला होता. भाषा कोठें आहे, परंपरा कोठें आहे, याची सर्वांनीं चौकशी केली. मूल कोठें उभें आहे ही चौकशी शेवटपर्यंत राहूनच गेली.

साधनांच्या बाबतींतहि त्यांचा विवेक असाच होता. बाई मॉण्टेसोरींच्या पद्धतींत संख्या प्रथम हातांत येते: एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभरांचा चौकोन, हजारांचा घन. हजार हा एकाहून केवढा मोठा, हें मूल उचलून पाहतें. वस्तु आधीं, नांव मागून, चिन्ह त्याहून मागून. हीं साधनें तयार घेणें गांवच्या शाळेस परवडणारें नव्हतें. ताराबाईंनीं बिया, शंख-शिंपले, खडे, पानें, जें भोंवतीं मिळेल तें हातीं घेतलें. पुष्कळ लोक यास 'स्वस्त मॉण्टेसोरी' म्हणतात. मला हें वर्णन अन्यायाचें वाटतें. समुद्रकांठच्या मुलास शिंपला परिचित असतो. त्याला त्याची भीति नसते, तो फुटला तर कोणी रागावत नाहीं, आणि मुख्य म्हणजे तो शाळेबाहेरहि सांपडतो. मणी कपाटांत राहतात, तेव्हां गणितहि कपाटांत राहतें. आमच्या बाजूच्या कित्येक बालकमंदिरांत तीं सुंदर लांकडी साधनें कांचेच्या कपाटांत कुलुपबंद करून ठेवलेलीं मीं पाहिलीं आहेत. पाहुणे आले म्हणजे कुलूप निघतें.

या प्रयोगावरहि टीका करण्यास जागा आहे. तो असाधारण बायांनीं केला, आणि असाधारण माणसांवर उभी राहिलेली पद्धति सामान्यांच्या हातीं जातांना नांव तेवढें टिकतें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या सरकारी एकात्मिक बालविकास योजनेनें 'अंगणवाडी' हा शब्द स्वीकारला व तो देशभर गेला. पोषण, लसीकरण यांसाठीं त्या योजनेनें मोलाचें कार्य केलें हें निर्विवाद आहे. परंतु जी सेविका वजनांची, आहाराची व जन्ममृत्यूची नोंद ठेवून थकते तिच्याकडून शिंपल्यांवर विचार करावयास लावण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करणार? शब्द सर्वत्र पोंचला. त्यांतील अंगण मागें राहिलें.

आणखी एक गोष्ट लिहितांना मला माझीच लाज वाटते. 'एकवीस' वांचविण्यासाठीं ज्यांनीं २०१९ मध्यें पत्रें लिहिलीं, भाषणें केलीं, गाडींत विनोद केले, त्यांतील कित्येकांचीं मुलें-नातवंडें त्या वेळीं 'ट्वेंटी वन' शिकत होतीं. माझा मुलगाहि इंग्रजी शाळेंतूनच शिकला. डोंबिवलीच्या फलाटावर 'आठ वाजून सदतीस मिनिटांची' अशी घोषणा होते, तेव्हां आतां तरुण मंडळी एकमेकांस विचारतात, "सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन कीं फॉर्टी सेव्हन?" मराठी आईबापांच्या पोटीं, मराठी वस्तींत वाढलेलीं हीं मुलें. म्हणजे ज्या क्रमास आपण 'वीस एक' म्हणून हंसलों तोच क्रम इंग्रजीच्या पोटांतून निमूटपणें आपल्या घरांत आला, आणि येतांना मराठी नांवें घेऊन गेला. त्या पाठ्यपुस्तकाचें कर्तृत्व असें कीं तें मराठींत राहूनच हा क्रम देऊं पाहत होतें. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं त्याचें स्वागत करावयास हवें होतें.

मग 'एकवीस' टाकावें काय? माझें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. एक कारण व्यवहाराचें. बाजार, गाडी, घरांतील आजी, या सर्वांची भाषा जुनी आहे, आणि शाळेची भाषा व जगाची भाषा यांत भिंत पडली तर तिचा मार गरीब मुलासच अधिक बसेल. त्याला घरीं समजावून सांगणारें कोणी नसतें. दुसरें कारण मला अधिक मोलाचें वाटतें. जुन्या नांवांत स्वतः विचार करावयास लावील अशी सामग्री आहे, फक्त आपण ती तशी कधीं वापरली नाहीं. एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. येथें भाषेनें वजाबाकी करून ठेवली आहे! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही युक्ति आठ वेळां येते. ज्या मुलानें 'वीस नऊ' आधीं समजून घेतलें आहे त्याच्यापुढें 'एकोणतीस' हा शब्द ठेवून, हें नांव असें कां असावें, असें विचारलें तर तें स्वतःच्या बुद्धीनें उत्तर काढूं शकतें. आधीं सोपें नांव, त्यानें समज. मग जुनें नांव, आणि त्यावर विचार. दोन्ही नांवें शेजारींशेजारीं ठेवणाऱ्या त्या पुस्तकांत ही वाट मोकळी होती. ती दाखविणारा शिक्षक हवा होता, आणि शिक्षकांस ती दाखविणारें कोणीतरी हवें होतें. सुधारणा पुस्तकांत करणें सोपें. ती शिक्षकाच्या सवयींत करणें कठीण, आणि आपल्या येथें पहिल्या कामाचा गाजावाजा इतका होतो कीं दुसरें काम करण्यास शक्ति उरत नाहीं.

हें सर्व मी प्राथमिक शिक्षकांस उद्देशून उंचावरून सांगत आहें असा समज होऊं नये. माझ्या वर्गांत अठरा वर्षांचीं मुलें येतात. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत मीं त्यांस टिपणें सांगितलीं व त्यांनीं तीं उतरून घेतलीं. परीक्षेंत तींच टिपणें माझ्याकडे परत आलीं व त्यांस मीं गुण दिले. तर्कशास्त्राचीं टिपणें! एकदां एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत मीं फळ्यावर चुकून लिहिलेलें एक चुकीचें उदाहरण जसेंच्या तसें आढळलें. ताडून पाहतां तें वर्गांतील बहुतेकांच्या उत्तरांत निघालें. कोणालाहि तें खटकलें नव्हतें. पंचवीस ऐकून बावन्न लिहिणाऱ्या मुलींत जें होतें तें या बारा-पंधरा वर्षांच्या मध्यंतरांत कोठें नाहींसें झालें असावें, याचा विचार मीं त्या वेळीं केला नाहीं. गुण मात्र कापले.

शेजारची ती मुलगी आतां 'त्रेसष्ट' न चुकतां लिहिते. मीं तिच्याकडून चिंचोक्यांचे दहा-दहांचे ढीग करविले. पहिल्या दिवशीं तिला तें पोरकट वाटलें, कारण शाळेंत पाढे तिसापर्यंत झाले होते. दुसऱ्या दिवशीं ती माझ्या आधीं डबा काढून बसली. महिनाभरानें मीं तिला एकोणतिसाची युक्ति विचारली. तिनें ती स्वतः सोडविली, आणि मग जमिनीवर बसून सगळ्या 'एकोण'ची यादी केली: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. तेथें ती थांबली व म्हणाली, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर कां नाहीं म्हणत?"

संस्कृतांत 'नवनवति' असा शब्द आहे, त्यावरून तें आलें, असें सांगून मला सुटका करून घेतां आली असती. पण तें नांवाला नांवानेंच दिलेलें उत्तर झालें असतें. मला ठाऊक नाहीं, असें मीं तिला सांगितलें. तिनें माझ्याकडे जरा संशयानें पाहिलें, आणि यादीच्या खालीं स्वतःच 'एकोणशंभर' लिहून त्यापुढें प्रश्नचिन्ह काढलें.